पाव फेरा

१

सकाळचा चहा झाला की बाइंडर जिना उतरून खालच्या दुकानात यायचा, खिडकी उघडायचा आणि इतर कशालाही हात लावायच्या आधी शिकंज्याच्या दांड्याला पाव फेरा द्यायचा. पाव म्हणजे पावच. केसभर जास्त नाही, केसभर कमी नाही.

शिकंजा खरं तर पुस्तकांसाठी होता. शिवून, खळ लावून झालेली पुस्तकं दोन जाड फळ्यांमध्ये ठेवायची आणि वरचा लोखंडी स्क्रू आवळायचा, की पुस्तक अंग धरतं. पण वर्षातला एक महिना हा शिकंजा पुस्तकांना बंद असे. त्या महिन्यात त्यात तंबाखू असायची.

"तुमच्या पाइपपायी माझे शब्दकोश उघडे पडलेत," असं लायब्ररीवाल्या बाई दरवर्षी ऐकवायच्या.

"उघडे पडले तर कुणी वाचेल तरी," असं उत्तर तो दरवर्षी द्यायचा.

विकतची तंबाखू त्याला चालत नसे. तो पानं आणायचा, एकेका पानाची मधली शीर अलगद ओढून काढायचा, मधाच्या कोमट पाण्याचा हबका मारायचा आणि दिवसभर ओल्या फडक्याखाली ती मऊ होऊ द्यायचा. मग थर रचायचे. एक तांबूस, एक काळा, पुन्हा तांबूस. तो गठ्ठा मलमलीच्या कापडावर ठेवायचा, पाकिटासारखे चारही कोपरे आत दुमडायचे, वरून मेण लावलेला दोरा, त्याला गाठ, आणि शिकंज्यात. पुढे तीस सकाळी तीस पाव फेरे. घाई केली तर पानांचा रस वाहून जातो. हयगय केली तर थर सुटे राहतात. नीट जमलं तर महिन्यानं आतून साबणाएवढी एक काळीभोर वडी निघते, जिच्यापुढे साधा चाकू वाकतो.

वरच्या दोन खोल्यांत तो आणि त्याची थोरली बहीण, दोघंच राहत. तो त्रेसष्ट वर्षांचा, दारातून किंचित आडवा होऊन शिरावं लागेल असा देहाचा. ताई मात्र त्याला अजून 'छोट्या' म्हणायची. तिचे गुडघे गेले होते, त्यामुळे जिना बंद. बांधायला आलेलं प्रत्येक पुस्तक आधी तिच्याकडे वर जायचं, ती ते वाचून काढायची, मग ते खाली यायचं. जेवण झालं की ती तासभर झोपायची. पाइपच्या धुराला ती शिव्या घालायची, पण वडीचा एक तुकडा कपड्यांच्या कपाटात हटकून ठेवायची. वास आवडतो हे मात्र ती कबूल करायची नाही.

२

त्या वर्षी अकराव्या दिवशी बाइंडर जेवून खाली आला, तेव्हा दांडा पुढे गेलेला होता.

रोज कुठवर आणलं ते कळावं म्हणून तो दांड्याखालच्या चकतीवर खडूची रेघ मारत असे. सकाळची रेघ जागेवर होती. दांडा तिच्या पुढे, बरोबर पाव फेरा.

आपणच दोनदा फिरवला असेल, असं त्यानं ठरवलं. वय झालं की असं होतं. दुसऱ्या सकाळी त्यानं मुद्दाम दांड्याला हातच लावला नाही. जेवून आला. दांडा पाव फेरा पुढे.

"ताई, तू खाली आली होतीस?" त्यानं वर जाऊन विचारलं.

"हो, उडत आले होते. का रे?"

"शिकंजा कुणीतरी आवळलाय."

"मी जिना उतरलेच, तर शिकंजा नाही आवळणार, तुझा गळा आवळीन. आज भाजीत मीठ किती टाकलं होतंस?"

तो हसला, पण डोकं चालूच होतं. पानं दबत जातात, जागा मोकळी होते, स्क्रू आपसूक खाली सरकत असेल का? शक्य नव्हतं. तो दांडा हलवायला त्याच्यासारख्यालाही दोन्ही हात आणि कंबर लावावी लागायची. दुकानाचं दार जेवताना आतून बंद असे. खिडकीला गज होते.

तिसऱ्या दिवशी त्यानं मेणाचा दोरा घेतला, एक टोक दांड्याला, दुसरं शिकंज्याच्या पायाला बांधलं, ताठ. दांडा हलला तर दोरा तुटणार. तो डावखुरा होता. त्याची गाठ उलटी पडायची. आजवर त्याच्याकडे शिकायला आलेल्यांपैकी एकालाही तशी गाठ जमली नव्हती.

जेवताना त्यानं घास नीट चावलेही नाहीत. खाली आला तर दांडा पाव फेरा पुढे, आणि दोरा शाबूत. कुणीतरी तो सोडून, नव्या अंतराला पुन्हा ताठ बांधला होता. गाठ उलटी होती.

तो वाकून त्या गाठीकडे बघू लागला. मग त्याला स्वतःचंच नवल वाटलं, कारण मनात पहिला विचार भीतीचा आला नव्हता. गाठ छान बसलीय, हा आला होता.

३

तिसाव्या दिवशी वडी निघाली. समोरचा औषधवाला चार वाजता दुकान नोकरावर सोपवून आला. हा गृहस्थ दिवसभर लोकांना खोकल्याचं औषध द्यायचा आणि चारला बाइंडरकडे खोकायला यायचा.

बाइंडरनं पुठ्ठा कापायचा सुरा काढला, वडी लाकडावर धरली आणि कडेनं नखाएवढा पातळ काप काढला. कापात थर दिसत होते, तांबूस, काळा, तांबूस, आखून काढल्यासारखे. कुठे फट नाही, फुगवटा नाही. त्यानं काप तळहातावर घेऊन अंगठ्यानं हळूहळू चोळला, तसा तंतू न् तंतू मोकळा झाला आणि खोलीभर सुकामेवा भिजत घातल्यासारखा वास सुटला.

"पहिली चिमूट सैल," औषधवाला पाइप भरता भरता स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाला, "दुसरी जरा दाबून, तिसरी..."

"तिसरी भांडल्यासारखी. शिकवू नकोस मला."

काडी गोल फिरली. पहिला पेट विझू दिला, राख अलगद दाबली, पुन्हा पेटवलं. मग दोघेही नुसते ओढत बसले. धूर जिभेवर गोड, घशात मऊ, आणि मागून, अगदी मागून, पावसात भिजलेल्या लाकडासारखं काहीतरी.

"हे तुझं काम नाही," औषधवाला शेवटी म्हणाला.

"म्हणजे?"

"रागावू नकोस. तुझी चांगलीच असते. पण ही... कुणीतरी जीव ओतून दाब दिलाय रे. कुणाला ठेवलंयस का कामाला?"

बाइंडरनं पाइप तोंडातून काढला. सगळं सांगून टाकायची ती वेळ होती. पण सांगितलं की लगेच कुलूप बदल, पोलिसांना बोलव, डॉक्टरला दाखव, असलं सुरू होणार. आणि मग तो कोण ते कधीच कळणार नाही.

"आहे एक," तो म्हणाला. "शिकतोय."

४

एका वर्षाला एक वडी पुरायची. तरी त्यानं लगेच दुसरी घातली. लायब्ररीवाल्या बाई तणतणत गेल्या. ह्या खेपेला त्यानं सकाळचा फेरा दिलाच नाही. एकही. तो जेवायला वर जायचा, घड्याळाकडे बघत अर्धा तास काढायचा, आणि लहान मुलासारखा भराभर जिना उतरायचा.

आठव्या दिवशी टेबलावर एक पुडकं होतं.

मलमलीत बांधलेलं, चार कोपरे आत, उलटी गाठ. सोडलं तर आत ताईच्या विणकामाचा निळा लोकरीचा गुंडा, दाबून दाबून पुठ्ठ्याएवढा केलेला. वाजवला तर टकटक वाजला.

दोन दिवसांनी औषधवाल्याची विसरलेली टोपी. मग एक संत्रं. त्याचं चामड्यासारखं कोरडं पान झालं होतं, आणि रसाचा एक थेंबही कापडाला लागलेला नव्हता. बाइंडरनं ते उजेडात धरलं. बियासुद्धा न फुटता सपाट झाल्या होत्या. हे कसं जमवलं असेल? त्यानं ते भिंगाखाली घेतलं. आपण आयुष्यभर कागद आणि पानं दाबली, ओली वस्तू आपल्याला कधी जमली नाही. तो जेवायला बसला तरी त्याच्या डोक्यात संत्रंच होतं.

"काय रे, एकटाच हसतोयस?" ताईनं विचारलं. "आणि माझा लोकरीचा गुंडा कुठेय?"

"सापडेल."

"माझ्या कॉटखाली होता. सापडेल म्हणजे? तुझ्याकडे आहे?"

कॉटखाली. म्हणजे ते वरही येत होतं. हे त्याच्या लक्षात आलं, आणि आलं तसं त्यानं ते बाजूला सारलं.

पुढच्या पुडक्यात उंदीर होता. खाली तंबाखूचं एक पान, वर एक पान, मध्ये तो, शेपटीसकट, मिशांसकट. रक्ताचा डाग नाही. डोळे उघडे. पानाच्या शिरा काढलेल्या होत्या.

बाइंडरनं पुडकं परत बांधलं, मागच्या अंगणात नेऊन पुरलं, हात दोनदा धुतले. शिकंजा सैल करून अर्धवट झालेली वडी काढून टाकली. बस झालं, असं तो मोठ्यानं म्हणाला. रिकाम्या दुकानात आवाज फार मोठा वाटला.

पण दाराला कुलूप लावून चार दिवस ताईला घेऊन भाचीकडे जावं, हे त्याला सुचलं नाही असं नाही. सुचलं होतं. त्याआधी एकदा, फक्त एकदा, त्याला बघायचं होतं.

५

दुसऱ्या दिवशी तो जेवायला वर गेलाच नाही. "भूक नाही," असं जिन्यातून ओरडून सांगितलं आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला. तासभर काही झालं नाही. रिकामा शिकंजा, खळीचं भांडं, कापडाचे तागे. खिडकीतून उन्हाचा एक पट्टा आत आला होता आणि नेमका शिकंज्यावर पडला होता.

कंटाळून त्यानं पाइप भरला. पेटवला. पहिला मोठा झुरका त्यानं सहज त्या उन्हाकडे सोडला.

धूर पुढे गेला आणि अडला.

हवेत काही नव्हतं, पण धूर कशाला तरी टेकला, दोन बाजूंनी वळला आणि वर चढू लागला. त्यानं दुसरा झुरका सोडला. मग तिसरा. झुरके मोजून, सावकाश येत होते. धुरात आधी एक वाकलेली पाठ उमटली. मग दोन कोपर. रिकाम्या शिकंज्याच्या दांड्यावर दोन्ही हात, कंबर वाकवलेली, उजवा पाय मागे रोवलेला. अगदी तो स्वतः उभा राहायचा तसं. दांडा हलला. पाव फेरा. थांबला.

आणि त्या आकृतीनं मान वळवली.

चेहरा नव्हता, किंवा धुराला तेवढं बारीक काम जमत नसावं. पण मान वळवण्याची ती तऱ्हा बाइंडरला पक्की ठाऊक होती. काम शिकणारा माणूस हातातलं काम थांबवून उस्तादाकडे बघतो, तसं ते बघत होतं. बरोबर आहे ना?

बाइंडरची मान होकारार्थी हलली.

त्याला ती हलवायची नव्हती. चांगलं काम दिसलं की समोरच्याला दाद द्यायची, एवढीच हाडात मुरलेली सवय. धूर विरला. उन्हात धुळीचे कण तेवढे राहिले.

६

त्यानंतर तीन दिवस काहीच घडलं नाही. दांडा जागचा हलला नाही, पुडकं आलं नाही. चौथ्या दुपारी तो पुन्हा खुर्चीत बसला. त्यानं शिकंज्याकडे धूर सोडला. धूर सरळ गेला, खिडकीच्या गजांतून बाहेर पडला. आज तिथे कुणी नव्हतं.

मग कुठे गेलं असेल?

त्याला ठसका लागला, तो खोकला, आणि खोकला थांबल्यावर वरून आवाज आला. लाकडाची एक लांब करकर. मग शांतता. पुन्हा करकर. मग शांतता. कॉटवर कूस बदलल्याचा आवाज असा नसतो. आणि मधली शांतता त्याच्या ओळखीची होती. दांड्यावरचे हात सोडून, पाय पुन्हा रोवून, पुढच्या फेऱ्याला दम घ्यायला लागतो, बरोबर तेवढी.

तो जिना कसा चढला ते त्याला नंतर आठवेना.

ताईच्या खोलीत खिडकी उघडी होती, लख्ख उजेड होता. कॉटवर ताई नव्हती. कॉटवर एक पुडकं होतं. चादर ओली, मधाच्या वासाची, चारही कोपरे आत दुमडलेले, वरून घट्ट ओढलेला लोकरीचा धागा. गादी मधोमध खोल गेली होती. कापडाच्या एका टोकाला, तोंडाच्या जागी, एवढासा खळगा पडत होता आणि भरत होता.

करकर झाली. गादी आणखी खाली गेली. खळगा भरला नाही.

"सोड," बाइंडर म्हणाला.

किंचाळायला हवं होतं, पण आवाज निघाला तो दुकानातला. हाताखालच्या माणसाशी बोलायचा.

कॉट करकरली. गादी पाव फेऱ्याएवढी वर आली, आणि थांबली.

"अजून सोड. सगळं सोड."

ते सोडत गेलं. एकेक पाव फेरा, मध्ये तीच शांतता, जराही घाई न करता. हयगयही न करता. तोवर तो कॉटपाशी गुडघ्यांवर बसून गाठ सोडत होता. दुसऱ्या कुणाला ती सुटली नसती. कोपरे उलगडले, चादर फाडली. ताईचं तोंड निळसर झालं होतं, गालावर चादरीच्या घडीची सरळ रेघ उठली होती. तिनं एक लांबच लांब श्वास आत ओढला.

बऱ्याच वेळानं तिनं त्याचा हात धरला. पालथा केला, उताणा केला, बोटं बघितली.

"हात तुझेच होते रे, छोट्या," ती पुटपुटली. "घडी घालायची पद्धत तुझी. कोपरा दुमडून त्यावर अंगठा फिरवतोस ना, तसाच फिरवला."

"ताई, मी खाली होतो."

"माहितीये. तू खाली खोकलास ते ऐकू आलं मला." तिनं फासळ्यांवरून हात फिरवला. "तोवर मला वाटत होतं, छोट्याच आहे, काहीतरी खुळेपणा करतोय. खालून खोकला आला, तेव्हा घाबरले."

त्यानं सगळं सांगितलं. दांडा, गाठ, वडी, संत्रं, उंदीर. मान हलवली तेही सांगितलं. ती छताकडे बघत ऐकत होती.

"मला घेऊन चल इथून," ती मग म्हणाली. "आत्ता. उजेड आहे तोवर."

७

भाचीला फोन केला. औषधवाला टॅक्सी घेऊन आला, काही न विचारता त्यानं ताईला एका बाजूनं धरलं, दुसऱ्या बाजूनं बाइंडरनं. सहा वर्षांनी ती तो जिना उतरली. एकेका पायरीला "आई गं" म्हणत होती, पण थांबली नाही. तिला मागच्या सीटवर बसवून औषधवाला आपल्या दुकानात गेला.

"खिडकी लावून कुलूप घालतो, आलोच," बाइंडर म्हणाला.

"छोट्या, राहू दे खिडकी."

"दोन मिनिटं."

दुकानात मघाचाच उजेड होता. पुठ्ठे कापायचं लांब टेबल, ज्यावर कायम पसारा असायचा, ते आता मोकळं होतं. कात्र्या, सुरे, खळीचं भांडं, सगळं खाली ओळीनं मांडून ठेवलं होतं. टेबलावर पुस्तकबांधणीचं नवं कापड अंथरलेलं होतं, टेबलाच्या दोन्ही कडांवरून खाली लोंबेल इतकं मोठं. त्यावर हबका मारलेला होता, नुकताच. थेंब अजून जिरले नव्हते. कापडाच्या मधोमध तंबाखूची पानं पसरली होती, एकावर एक, तांबूस, काळी, तांबूस. शिरा काढलेल्या. माणूस आडवा मावेल एवढ्या जागेत.

इतक्या मोठ्या मापाचं काम त्यानं कधी पाहिलं नव्हतं. पहिला कोपरा कुठून दुमडणार? पायाकडून, की उजव्या खांद्याकडून? एवढ्या ओल्या वस्तूला पहिल्या फेऱ्याला किती दाब द्यायचा, हे त्याला कुणी सांगितलं असेल? की ते स्वतःच्या अकलेनं ठरवणार होतं? पानं गार होती. फार मऊ होती. कापड डाव्या बाजूला किंचित उचललं गेलं, आणि तसंच धरून राहिलं. घाई नव्हती. ते वाट बघत होतं.

"छोट्या!"

बाहेरून ताई ओरडली. फासळ्या दुखत असताना, होता नव्हता तेवढा दम एकवटून.

तेव्हा त्याला कळलं, की आपण उभे नाही. तो टेबलाच्या कडेवर बसला होता, एक गुडघा पानांवर टेकवून, तळहात मागे ठेवून, आडवं व्हायच्या बेतात. चपला काढून त्यानं टेबलाखाली नीट जोडीनं ठेवल्या होत्या. केव्हा, ते त्याला आठवत नव्हतं.

तो उतरला. वळून न बघता दाराबाहेर आला, दार ओढलं, कुलूप घातलं. अनवाणीच टॅक्सीत जाऊन बसला. ताईनं त्याच्या पायांकडे बघितलं, मग गुडघ्याला चिकटलेल्या काळ्या पानाकडे. ते तिनं दोन बोटांनी काढून बाहेर टाकलं आणि सरकून त्याला जागा करून दिली. टॅक्सी सुरू झाली.

दुसऱ्या वळणावर तिनं त्याची मूठ उघडून किल्ली काढून घेतली, आपल्या पर्समध्ये टाकली आणि पर्स दोन्ही हातांनी धरून बसली.

"ताई," तो जरा वेळानं म्हणाला, "एकदाच जाऊन..."

"नाही," ती म्हणाली.